पंचविसांचा हवालदार

गणेशोत्सवात पुण्याच्या पेठांतून जिवंत देखावे होतात. त्यांतल्या शिवकालीन देखाव्यांवर नाट्यसमीक्षक काही लिहीत नाहीत. म्हणून ते काम आमच्यासारख्या बी. कॉम. कारकुनाने अंगावर घेतले आहे. दुसऱ्याच्या हिशेबातली चूक काढणे, एवढाच आमचा अधिकार!

तक्रार महाराजांबद्दल नाही. ती भूमिका सगळे जपून करतात. तक्रार हवालदाराबद्दल आहे. आमच्या गल्लीतला हवालदार आला तो पोट पुढे काढून, मिशीला पीळ देत, मावळ्यांवर खेकसत. दिग्दर्शकाने त्याच्याकडून पंधरा दिवस तालीम करून घेतली ती निव्वळ ओरडण्याची. हवालदार म्हटल्यावर त्या बिचाऱ्याच्या डोळ्यांपुढे चौकातला, तोही सिनेमातल्या चौकातला, हवालदार उभा राहिला. त्याला कोण काय करणार?

आता सभासदाची बखर पाहा. पागेत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी. शिवाय दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे हवालदाराच्या खातेवहीत रोज काय? पंचवीस माणसे, पंचवीस घोडी, त्यांचे नाल आणि पाणी. वरून जुमलेदार जाब विचारणार, खालून बारगीर कुरकुरणार. ज्याने हेडक्लार्कची खुर्ची जवळून पाहिली आहे, त्याला विचारा, मिशीला पीळ द्यायला हात मोकळा असतो का?

चौथ्या दिवशी व्हायचे तेच झाले. हवालदाराचा घसा बसला. आमच्या शाखेच्या दारावर बंदूक घेऊन बसणारे पहारेकरी देखावा पाहायला आले होते. दिग्दर्शकाने अंगकाठी पाहून त्यांनाच अंगरखा चढवला आणि संवाद सगळे कापले.

पडदा उघडण्याआधी ते रांगेतून फिरले. एकाचे सैल मुंडासे आवळले. एक पोरगा उपाशी आला होता, त्याला वडापाव आणवला. डोकी मोजली, एक कमी भरले. तो मावळा पाण्याच्या टाकीमागे झोपलेला सापडला. रंगमंचावर ते कडेला उभे राहिले, आणि प्रेक्षकांकडे न पाहता आपल्या माणसांच्या पायांकडे पाहत राहिले. एकाची मशाल कलली, यांनी नुसती मान हलवली, मशाल सरळ झाली. महाराज म्हणाले, "निघा!" आणि पाऊल उचलण्याआधी सगळ्या मावळ्यांनी एकदा यांच्याकडे पाहिले. हे तालमीत कुणी बसवले नव्हते. टाळी पडली नाही; पण मागच्या रांगेतले शेंगा सोलणारे हात थांबले.

नंतर आम्ही विचारले, "हे कुठं शिकलात हो?"

"सतरा वर्षं फौजेत होतो, साहेब. हवालदार म्हणूनच रिटायर झालो. शाखेत तुम्ही सगळे मला हवालदार म्हणता ना? मला वाटलं, माहीत आहे म्हणूनच म्हणता."

अकरा वर्षे आम्ही थट्टेने म्हणत होतो.

तेव्हा दिग्दर्शकांना एकच सूचना. पहिले आठ दिवस हवालदाराला तोंड उघडू देऊ नका. हजेरी घ्यायला लावा, आणि चहा सगळ्यांच्या शेवटी प्यायला लावा. हवालदार चांगला वठला की नाही, ते त्याच्याकडे पाहून कळत नाही. त्याच्या पंचविसांकडे पाहून कळते.

दुसऱ्या दिवशी शाखेत शिरताना "काय हवालदार!" असे तोंडावर आले होते. ते गिळून "नमस्कार, हवालदारसाहेब" म्हणालो. बाकी अकरा वर्षांची आहे. मुद्दल फेडायला सुरुवात केली.