छपरावरची झी

कसारा लोकलमध्ये टिटवाळ्यानंतर बसायला जागा मिळते. खडवली, वासिंद, आसनगाव. आसनगावला उतरून शहापूर आणि तिथून किन्हवलीच्या बाजूला आमचं गाव. या प्रवासात वासिंद शेकडो वेळा लागलं असेल. पण वासिंदचा आणि झी टीव्हीचा काही संबंध आहे, हे मला पंचविशी उलटल्यावर कळलं.

संबंध असा. १९८२ मध्ये एस्सेल पॅकेजिंग नावाची कंपनी स्थापन झाली. टूथपेस्टच्या ॲल्युमिनियमच्या ट्यूबांऐवजी लॅमिनेटेड ट्यूब बनवणारी. तिचा कारखाना आमच्या शहापूर तालुक्यातल्या वासिंदला. पुढे तिचं नाव एस्सेल प्रोपॅक झालं, २०१९ मध्ये ती विकली गेली, २०२० मध्ये ईपीएल झाली. ती उभी करणारे सुभाष चंद्रा म्हणजे १९८९ मध्ये गोराईला एस्सेल वर्ल्ड काढणारे आणि २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू करणारे. थोडक्यात, शाळेची सहल, सकाळची टूथपेस्ट आणि रात्रीची सिरियल, आपल्या लहानपणातल्या या तिन्ही गोष्टी एकाच घराण्याच्या उद्योगातून आल्या.

झीचा इतिहास लिहिणारे बहुधा वासिंदला थांबत नाहीत. तो इतिहास दिल्ली, हाँगकाँग आणि मुंबई या तीन शहरांत घडतो. मला तो आमच्या तालुक्यातून वाचायचा आहे. कारण इथून बघितलं की एक प्रश्न फार स्पष्ट दिसतो. वाहिनी आपला प्रेक्षक कोणाला म्हणते?

शहरातली झी

आधी सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. १९९१ मध्ये एशियासॅट उपग्रहावरून स्टार टीव्ही दिसायला लागला. तो इंग्रजी होता. त्याच उपग्रहावर जागा भाड्याने घेऊन झी आली, ती हिंदीत. सुरुवातीला दिवसातले मोजकेच तास. दूरदर्शनच्या सरकारी चेहऱ्याला कंटाळलेल्या शहरी माणसाला १९९३ मध्ये 'तारा' मिळाली, 'अंताक्षरी' मिळाली, 'आप की अदालत' मिळाली, झी हॉरर शो मिळाला. १९९५ मध्ये 'सा रे ग म' आणि 'हम पाँच' आलं.

'हम पाँच' मी नंतर, रिपीटमध्ये पाहिलं. पाच मुलींचा वैतागलेला बाप आनंद माथुर म्हणजे आपले अशोक सराफ. भिंतीवरच्या हार घातलेल्या तसबिरीतून नवऱ्याशी बोलणारी पहिली बायको म्हणजे प्रिया तेंडुलकर. दोन मराठी नटांच्या टायमिंगवर उभी असलेली ही मालिका, पण घर माथुरांचं. उत्तर भारतीय आडनाव हेच 'सगळ्यांचं' आडनाव, असं तेव्हाच ठरून गेलेलं दिसतं. मराठी माणूस पडद्यावर होता, मराठी घर नव्हतं.

मग ३ जुलै २००० ला स्टार प्लसवर 'कौन बनेगा करोडपती' आलं, पाठोपाठ सासू-सुनांच्या मालिका आल्या आणि झी मागे पडली. उत्तर म्हणून आणलेलं 'सवाल दस करोड का' चाललं नाही. दहा पट रक्कम लावूनही बच्चनसाहेबांचा आवाज विकत घेता येत नाही, हे झीला कळलं.

हे सगळं घडत होतं तेव्हा आमच्या गावात काय होतं? केबल नव्हती. वायर शहापूर बाजारापर्यंत होती, फार तर मोठ्या गावांपर्यंत. डोंगराकडेच्या पाड्यांवर वायर ओढून केबलवाल्याला परवडणार नव्हतं. आमच्याकडे काठीला बांधलेला अँटेना होता, दूरदर्शन होतं आणि भारनियमन होतं. संध्याकाळी लाइट गेली की टीव्हीही गेला. झीच्या पहिल्या दहा-बारा वर्षांच्या इतिहासात आमच्यासारखी गावं नाहीतच.

फुकटची हिंदी

आमच्यासाठी झी आली ती छपरावरून, आणि फार उशिरा. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनने डीडी डायरेक्ट प्लस ही डीटीएच सेवा सुरू केली. पुढे तिचं नाव फ्री डिश झालं. छत्री आणि बॉक्स एकदाच विकत घ्यायचा, महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही. किन्हवलीपासून टोकावड्यापर्यंत, कौलांवर, पत्र्यांवर, काही ठिकाणी तर कुडाच्या घराबाहेर रोवलेल्या बांबूवर या छत्र्या दिसायला लागल्या.

२०१३ मध्ये झीने या छत्र्यांसाठी वेगळी वाहिनी काढली, झी अनमोल. झी टीव्हीवर होऊन गेलेल्या मालिका तिथे पुन्हा दाखवायच्या. स्टार उत्सव आधीपासून हेच करत होतं, सोनी पल २०१४ मध्ये आलं. उद्योगाच्या हिशेबात हे साधं गणित होतं. माल तयार आहे, खर्च निघालेला आहे, वर आणखी जाहिराती मिळाल्या तर फायदाच.

म्हणजे आम्हाला जे मिळालं ते शिळं होतं. पण शिळ्या भाकरीचा कुस्करा फोडणी देऊन खाणाऱ्या घरात 'शिळं' ही शिवी नसते. माझ्या आजीला 'पवित्र रिश्ता' मुंबईत कधी संपली याच्याशी देणंघेणं नव्हतं. तिच्यासाठी ती आज चालू होती.

टोचणारी गोष्ट दुसरीच आहे. झी समूहाची मराठी वाहिनी १९९९ पासून होती. आधी अल्फा मराठी, मग झी मराठी. पण तिला पैसे पडायचे. फ्री डिशवर सह्याद्री सोडली तर मराठी वाहिन्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि हिंदीची रांग. म्हणजे मुरबाडच्या एखाद्या ठाकूरवाडीतल्या माणसाला हिंदी फुकट आणि मराठी विकत. भाषांच्या वादात आपण पाट्या, शाळा, सरकारी आदेश यांवर बोलतो. या वाटेवर बोलत नाही. आमच्याकडे हिंदी कोणी लादली नाही. ती स्वस्त होती म्हणून आली.

याचा तोटा मला माहीत आहे. २००८-०९ मध्ये झी मराठीवर 'सारेगमप लिटल चॅम्प्स' चाललं होतं. आळंदीची कार्तिकी गायकवाड, अलिबागची मुग्धा वैशंपायन, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे. गावातली मुलं स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या उच्चारांसकट पडद्यावर आली होती. अख्खा महाराष्ट्र ते बघत होता म्हणतात. आम्ही ते कल्याणच्या काकांकडे गेलो तेव्हा दोनदा पाहिलं.

आमचं पाणी, त्यांची चाळ

'पवित्र रिश्ता' १ जून २००९ ला झी टीव्हीवर सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१४ पर्यंत चालली. मूळ कथा एका तमिळ मालिकेची. पण हिंदी वाहिनीवर नायक मानव देशमुख, गॅरेजमधला मेकॅनिक. नायिका अर्चना करंजकर. सुशांतसिंह राजपूत पाटण्याचा, अंकिता लोखंडे इंदूरची, पण भोवताली उषा नाडकर्णी आणि सविता प्रभुणे. हिंदी संवादांत 'आई' हा शब्द भाषांतर न करता आला. माथुरांच्या घरानंतर चौदा वर्षांनी झीला देशमुखांचं घर सापडलं.

मला ही मालिका अजूनही महत्त्वाची वाटते. ग्रीस लागलेल्या हातांचा नायक हिंदी मालिकांत त्या काळी दुर्मीळ होता. उषा नाडकर्णींची सविता ही नुसती खाष्ट सासू नाही. तिच्या बोलण्यात महिन्याअखेरीची भीती ऐकू येते. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत भांडणं पैशांवरून होतात आणि ती खरी वाटतात. पुढे वाहिनीला धीर राहिला नाही. मधली वर्षं एका उडीत मागे टाकून गोष्ट कॅनडापर्यंत गेली, घरं मोठी झाली, हातांवरचं ग्रीस गेलं. गरिबी ही त्या मालिकेची सुरुवात होती, विषय नव्हता. श्रीमंत झाल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही, हा हिंदी मालिकांचा नियम तिने शेवटी पाळलाच.

पण माझी खरी तक्रार नकाशाबद्दल आहे. हिंदी वाहिनीला महाराष्ट्र दिसला तो मुंबईच्या चाळीपुरता. चाळीतल्या घराला गाव असतं, गावाला भाताची खाचरं असतात, लावणीला सुट्टी काढून जावं लागतं, यातलं काही त्या पडद्यावर रुजलं नाही. मुंबईला लागणारं जवळपास निम्मं पाणी भातसा धरणातून जातं. तानसाचं पाणी तर १८९२ पासून जातंय. दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात. मार्च उलटला की त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेत लागतात. देशमुखांच्या चाळीतल्या नळाला येणारं पाणी आमच्याकडून गेलेलं होतं. आजी दुपारी हंडे भरून यायची आणि संध्याकाळी त्या चाळीतलं दुःख बघून डोळे पुसायची. तिला यात विसंगती वाटत नव्हती. मला वाटते, आणि समीक्षा म्हणून मला एवढंच म्हणायचं आहे की वाहिनीने प्रेक्षक तालुक्यापर्यंत शोधला, गोष्ट मात्र तालुक्यात कधी शोधली नाही.

मोजणीत आल्यावर

टीव्ही कोण बघतं याची मोजणी आपल्याकडे वर्षानुवर्षं मुख्यतः शहरांतच होत होती. ऑक्टोबर २०१५ पासून बार्क या संस्थेने ग्रामीण भागाचे आकडेही द्यायला सुरुवात केली. आणि ग्रामीण यादीत झी अनमोल एकदम पहिल्या रांगेत दिसली. जुन्या मालिका दाखवणारी फुकट वाहिनी नव्या मालिकांच्या पैसे देऊन बघायच्या वाहिन्यांना टक्कर देत होती. आजीसारखे लोक त्या दिवशी जन्माला आले नव्हते. त्या दिवशी फक्त मोजले गेले.

मोजले गेल्यावर किंमत आली. १ मार्च २०१९ ला झी अनमोल, स्टार उत्सव, सोनी पल आणि रिश्ते या चारही वाहिन्या फ्री डिशवरून निघून गेल्या. दरांचे नवे नियम आले होते आणि कंपन्यांचा हिशेब असा की हा प्रेक्षक पैसे भरून येईल.

माझी मावशी सरळगावला राहते. मुरबाडच्या एमआयडीसीत एका कंपनीत पॅकिंगला होती. तिच्या लाइनवर निम्म्या बाया बिहार-यूपीच्या. तिचं हिंदी शाळेतलं नव्हतं, अनमोलवरचं होतं. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले की आदल्या रात्रीचा भाग निघायचा. "अर्चनाने ऐसा नहीं करना चाहिए था," असं ती म्हणायची आणि पलीकडून कोणी तरी भोजपुरी वळणाच्या हिंदीत उत्तर द्यायचं. वर मी फुकटच्या हिंदीबद्दल जे लिहिलं, ते या डब्यांसमोर मला पूर्ण खरं वाटत नाही. त्या हिंदीने आमच्याकडून काही घेतलं असेल. पण दोन परक्या बायांना बोलायला विषयही तिनेच दिला.

मार्चमध्ये मावशीने मला फोन केला. "बॉक्स बिघडला का रे? चॅनल स्कॅन करून करून हात दुखला." मी तिला सांगितलं, बॉक्स चांगला आहे, वाहिनीच गेली. ती म्हणाली, "सांगितलं पण नाही कोणी."

ती पैसे भरून झीकडे गेली नाही. तिच्यासारखे बहुतेक गेले नाहीत. ते फ्री डिशवर उरलेल्या दंगल नावाच्या वाहिनीकडे वळले आणि जुन्या मालिका दाखवणारी ती वाहिनी त्याच वर्षी देशाच्या यादीत वर जाऊन बसली. जून २०२० मध्ये चारही वाहिन्या परतल्या. एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. मावशीने त्यानंतर स्कॅन करणं सोडून दिलं.

आता

सोनीबरोबर झीचं विलीनीकरण २०२१ च्या अखेरीस ठरलं आणि जानेवारी २०२४ मध्ये मोडलं. तिच्या प्रवर्तक घराण्याकडे कंपनीचा आता थोडासाच हिस्सा उरलाय. वासिंदच्या ट्यूबही त्यांच्या राहिल्या नाहीत. व्यापारी पानांवर ही एका साम्राज्याच्या ओहोटीची गोष्ट म्हणून छापली जाते. माझ्या मते झीची खरी चूक शेअर बाजारात दिसत नाही. रिचार्ज न करणाऱ्या माणसालाही आवडनिवड असते, हे तिला आकड्यांतून कळलं आणि लगेच तिने त्या आवडीचं बिल फाडलं.

आज मी कसारा लोकलमध्ये फोनवर 'पवित्र रिश्ता'चे जुने भाग बघतो. कानात इअरफोन, महिन्याचा रिचार्ज केलेला. शेजारी कोण काय बघतंय मला माहीत नसतं. मावशीने आता स्मार्टफोन घेतलाय. परवा मी तिला ॲपवर अर्चना शोधून दिली. तिने दोन भाग बघितले आणि फोन बाजूला ठेवला.

"का गं, आवडलं नाही?"

"आवडलं की. पण उद्या बोलू कोणाशी?"

तिच्या छपरावर छत्री अजून आहे. गंजली आहे, आणि मांडवाच्या बाजूला वाकलेल्या तिच्या दांड्याला सध्या दुधीचा वेल चढवलाय.