शारदा आणि कुणब्याची बायको

२०२४ च्या जानेवारीत आमच्या चिंचवडात शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरले. मी ‘शारदा’चा जुना भक्त. त्या थाटात मला एक प्रश्न मात्र छळू लागला. ज्या एकोणिसाव्या शतकाचा आपण एवढा अभिमान मिरवतो, त्याच्या रंगभूमीवर कोणाच्या घरची स्त्री उभी होती?

देवलांची ‘शारदा’ १८९९ ची. द्रव्यलोभी कांचनभट आपली कोवळी मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. आई इंदिराकाकू तळमळते. पण तिचे ऐकतो कोण? प्रेक्षक हेलावले, आणि ते देवलांचे मोठेच यश. संमतिवयाच्या कायद्यावरून १८९१ मध्ये उठलेला धुरळा तेव्हा पुरता बसलाही नव्हता.

पण लग्न मोडते कशाने? नवरा जख्ख म्हातारा म्हणून नव्हे. वधूवर सगोत्र निघाले म्हणून! पुढची वाटही मोकळी होते ती शंकराचार्यांच्या निर्णयाने. सुटका शास्त्राने केली, शारदेच्या नकाराने नाही. आणि त्या काळी तिचे दुःख गाणारा नटही पुरुषच होता.

हे दुखणे केवळ आपलेच नव्हे. स्वीडनच्या स्ट्रिंडबर्गने १८८८ मध्ये ‘मिस ज्युली’ लिहिले. सरदारकन्या एका रात्री वडिलांच्या नोकराच्या नादी लागते. मालकाची घंटा वाजताच नोकर पुन्हा नोकर होतो आणि तिच्यापुढे मरणाचीच वाट उरते. स्त्री म्हणून ती खाली, कुळाने वर. या दोन्ही पाट्यांत ती भरडली जाते.

आपल्याकडे या दोन्ही पाट्या ओळखणारे नाटक ‘शारदे’च्या ४४ वर्षे आधीच लिहिले गेले होते : जोतीराव फुल्यांचे ‘तृतीय रत्न’, १८५५. कुणब्याची गरोदर बायको. ग्रहांची भीती घालून त्या घराला नागवणारा जोशी. आणि शेवटी रात्रीच्या शाळेत जायला निघालेले नवराबायको. रंजकतेत ते ‘शारदे’पुढे उणे आहे, पाद्री बोलू लागला की नाटक थांबते, हे मान्य. पण येथे बाईला कोणी सोडवीत नाही. ती स्वतः शिकायला निघते. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारले, आणि छापून यायला १९७९ साल उजाडले. अश्रू ढाळणारी भटाची मुलगी रंगमंचाला चालली. पाटी मागणारी कुणबीण चालली नाही.

आमच्या पिंपरी-चाकणच्या कारखान्यांखाली कुणब्यांचीच शेते गेली. त्या घरांतल्या मुली आज तिथे यंत्रांवर काम करतात. ‘शारदा’ त्यांनी जरूर पाहावी. मीही पुन्हा पाहीन आणि पुन्हा डोळे पुशीन. पण आपल्या पणजीसाठी एक नाटक लिहिले गेले होते, हे त्यांना कोणी सांगायचे? माझ्यासारख्या भक्तांनीच ते सांगायला हवे होते. आम्ही मात्र शारदेसाठी रडण्यातच धन्यता मानली.