बाणांनंतरची आयरीन : डेरेक जार्मन यांच्या कलेकडे पाहताना

संत सेबॅस्टियनची प्रतिमा आपल्या परिचयाची आहे. खांबाला बांधलेला तरुण देह, त्यात रुतलेले बाण आणि आकाशाकडे लागलेली दृष्टी. साथीच्या रोगांत या रक्तसाक्षीचा धावा करण्याची प्रथा युरोपात शतकानुशतके चालत आली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा वांद्र्याच्या ख्रिस्ती वस्त्यांतून संरक्षणासाठी क्रूस उभारले गेले. त्यामागची आर्तता याच कुळीची होती.

हीच प्रतिमा गेल्या शतकात पाश्चात्त्य समलिंगी कलावंतांनी आपली मानली, हे मात्र आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. परंपरा सांगते की, सेबॅस्टियन आपली श्रद्धा गुप्त ठेवून सम्राटाच्या रक्षकदलात वावरला आणि सत्य उघड होताच धनुर्धाऱ्यांच्या हवाली झाला. आपले अंतरंग लपवून घरात आणि कचेरीत वावरणाऱ्याला या कथेत स्वतःचे चरित्र दिसावे, यात नवल नाही. ‘क्वीअर’ हा शब्दही मूळचा शिवी. जिला ती दिली गेली त्या मंडळींनीच पुढे तिचे आपले नाव केले. या संस्कृतीची ओळख कलेच्या वाटेने करून घ्यायची असेल, तर इंग्रज चित्रपटकार डेरेक जार्मन (१९४२–१९९४) यांच्यापासून आरंभ करावा. चित्रपट, संगीत, वेशभूषा आणि छायाचित्र या चारही वाटा त्यांच्या दाराशी मिळतात; आणि त्या दाराआड आपल्याच वेदीवरच्या प्रतिमा मांडलेल्या आढळतात.

पॉल हम्फ्रेस यांच्यासमवेत जार्मन यांनी दिग्दर्शित केलेला ‘सेबॅस्टियान’ हा चित्रपट १९७६ सालचा. सार्डिनियाच्या किनाऱ्यावर तो चित्रित झाला, त्याचे संवाद लॅटिन भाषेत आहेत आणि संगीत ब्रायन ईनो यांचे आहे. तो कुटुंबासह पाहण्याजोगा नाही, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. परंतु त्याचा खरा दोष नग्नता हा नव्हे. त्यातील सेबॅस्टियनची भक्ती सूर्यपूजेत मिसळून धूसर झाली आहे आणि त्याच्या मृत्यूला सेनानायकाची अव्हेरलेली वासना कारण झाली आहे. श्रद्धा बाजूला काढली की रक्तसाक्ष्य उरत नाही, केवळ वध उरतो. शिवाय चित्रपट बाणांपाशी संपतो. आपली परंपरा तेथे थांबत नाही. सेबॅस्टियनचा देह दफनासाठी न्यायला आयरीन नावाची विधवा आली. तो जिवंत आहे हे पाहून तिने त्याला घरी नेले आणि त्याच्या जखमा बऱ्या केल्या. पुढे तो सम्राटासमोर पुन्हा उभा राहिला आणि दंडुक्यांच्या माराने मरण पावला. बाण काढणारा हात जार्मन यांच्या या चित्रपटात नाही.

‘कारावाज्जो’ (१९८६) ही त्यांची अधिक पक्व कृती होय. लंडनमधील एका गोदामात त्यांनी चार शतकांपूर्वीचे रोम उभे केले. त्या रोममध्ये टंकलेखनयंत्र आहे, गणकयंत्र आहे, आणि सँडी पॉवेल यांनी पात्रांना आधुनिक कपडेही चढवले आहेत. पॉवेल यांचा वेशभूषाकार म्हणून हा पहिला चित्रपट. पुढे त्यांना तीन ऑस्कर मिळाले. हा कालविपर्यास चमत्कृतीसाठी केलेला नाही. खुद्द कारावाज्जोने संत मत्तयच्या पाचारणाचे चित्र काढताना जकातीच्या मेजाभोवती आपल्याच काळातील कपडे ल्यालेली माणसे बसवली होती. त्याचे ‘पवित्र मरियेचा मृत्यू’ हे चित्र तर ज्यांच्या मंदिरासाठी काढले, त्या कार्मेलाईट संन्याशांनीच नाकारले, कारण त्यातील माता त्यांना फारच सामान्य स्त्रीसारखी वाटली. ते आज लूव्ह्र संग्रहालयात आहे. पावित्र्य रस्त्यावरच्या देहात शोधण्याची ही रीत जार्मन यांनी कारावाज्जोकडूनच घेतली.

संगीताशी त्यांचे नाते असेच होते. ‘रफ ट्रेड’ या लहानशा स्वतंत्र कंपनीतून ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या ‘द स्मिथ्स’ या वाद्यवृंदासाठी त्यांनी १९८६ साली लघुपट केला. पुढच्या वर्षी ‘पेट शॉप बॉईज’च्या ‘इट्स अ सिन’ या गीताचे चित्रण करताना गायक नील टेनंट यांना त्यांनी धर्मन्यायालयासमोर आरोपी म्हणून उभे केले. टेनंट न्यूकॅसलच्या कॅथोलिक शाळेत शिकले आणि हे गीत त्या दिवसांतून जन्मले. त्यातील अतिशयोक्ती आपल्याला बोचेल. तरीही शाळेतून केवळ अपराधाची भावना घेऊन बाहेर पडलेला तो मुलगा आपल्याच घरचा होता, हे नाकारता येत नाही.

१९८६ च्या डिसेंबरात जार्मन यांना एचआयव्हीची लागण झाल्याचे कळले आणि त्यांनी ते जाहीरपणे सांगितले. ते दिवस भीतीचे होते. समलिंगी संबंधांचा ‘प्रसार’ करण्यास स्थानिक संस्थांना मनाई करणारे कलम २८ ब्रिटनमध्ये १९८८ साली आले. रोगाने त्यांची दृष्टी नेली, तेव्हा त्यांनी ‘ब्लू’ (१९९३) केला. सव्वा तासाहून अधिक काळ पडद्यावर फक्त गडद निळा रंग दिसतो आणि आवाज ऐकू येतात : रुग्णालयातील प्रतीक्षा, डोळ्यांतील औषधाचे थेंब, मृत मित्रांची नावे. एखाद्या लितानीसारखी ती नावे कानी पडतात. हा निळा रंग फ्रेंच चित्रकार ईव्ह क्लाईन यांच्याकडून आला. आणि क्लाईन यांनी १९६१ साली काशिया येथील संत रीताच्या मठात, अशक्यप्राय संकटांत धावणाऱ्या त्या संतेच्या चरणी, रंग व सोन्याची नवसपेटी अर्पण केली होती.

माझ्या मते ‘ब्लू’ हीच जार्मन यांची श्रेष्ठ कृती. ‘सेबॅस्टियान’मध्ये देह सर्वत्र दिसतो, पण वेदना आपल्यापर्यंत पोहोचत नाही. ‘ब्लू’मध्ये देह कोठेच दिसत नाही आणि माणूस मात्र आपल्या शेजारी येऊन बसतो. डंजनेस येथील त्यांच्या बागेची हॉवर्ड सूली यांनी टिपलेली छायाचित्रेही हेच सांगतात : अणुवीजकेंद्राजवळच्या गोट्यांच्या ओसाड किनाऱ्यावर, कुंपणाविना, एका आजारी माणसाने फुलवलेली रोपे.

मग आपण या कलेचे काय करावे? १९९२ च्या कॅटेकिझममध्ये ख्रिस्तसभेने समलिंगी कृतींना मान्यता दिलेली नाही. पण अशा व्यक्तींचा आदराने, करुणेने व हळुवारपणे स्वीकार करावा आणि त्यांच्याबाबत अन्याय्य भेदभाव टाळावा, असेही तेथेच सांगितले आहे. २०१८ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्यातून मुक्त केले. २०२३ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनीही समलिंगी असणे हा गुन्हा नव्हे, असे म्हटले. वाक्याचा पहिला भाग आपल्या घरांतून पुष्कळदा ऐकू येतो. दुसरा भाग आचरणात आणणे राहून जाते. आपल्याही धर्मग्रामात मौन धरून मिस्सेला येणारा कुणी मुलगा, कुणी मुलगी असेल. त्यांच्या घरच्यांनी जार्मन यांचा प्रत्येक चित्रपट पाहावा असे मी सुचवणार नाही. ‘ब्लू’ मात्र ऐकावा. आयरीन बाण लागलेल्या माणसाजवळ गेली, तेव्हा तिने प्रथम तो श्वास घेतो आहे का, हे पाहिले.