देशबंधू आणि कौन्सिलचे दार

देशबंधू चित्तरंजन दास यांच्याविषयी आपल्याकडे लिहिले जाते ते बहुधा त्यागाच्या अंगाने. वडिलांचे दिवाळे निघाल्यानंतरही त्यांनी सगळे कर्ज फेडले, असहकारात चालती बॅरिस्टरी सोडली, राहते घर देऊन टाकले. हे सारे खरे आहे आणि मी ते कमी लेखत नाही. मात्र ज्याच्यापाशी सोडण्यासारखे काही नव्हतेच, त्याने हे चरित्र कसे वाचावे?

आधी कवी दास. ‘मालंच’ या पहिल्या संग्रहात देवाविषयी शंका आहे, वेश्येविषयी कणव आहे. ब्राह्मो समाजातल्या प्रतिष्ठितांना ते इतके झोंबले की त्यांनी कवीच्या लग्नाकडेच पाठ फिरवली. हा तरुण मला जवळचा वाटतो. पुढे ‘सागरसंगीत’ येते. अलिपूर बाँब खटल्यातून १९०९ साली ज्यांना त्यांनी सोडवले, त्या अरविंद घोषांनीच ते इंग्रजीत नेले. समुद्र आला, अनंत आले, वैष्णव विरह आला. माणूस मात्र मागे पडला. वैष्णव भक्ती बंगालच्या नामशूद्रांचीही होती. फरीदपूर जिल्ह्यात ओराकांदीला हरिचंद ठाकुरांच्या मतुआ पंथाने तिला वेगळे वळण दिले आणि त्यांचे पुत्र गुरुचंद यांनी मीड या मिशनऱ्याच्या साह्याने तिथे हायस्कूल उभे केले. दासबाबूंच्या विरहाला शाळेची गरज नव्हती!

राजकारणातही मला हाच भेद दिसतो. १९२२ च्या गया काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून ते बोलले की स्वराज्य मूठभरांचे नको, बहुजनांचे हवे. लगेच १९२३ साली स्वराज्य पक्ष निघाला. पवित्रा असा की, कौन्सिलात शिरायचे आणि आतून ते बंद पाडायचे. १९२४ साली बंगालमध्ये मंत्र्यांचे पगार नामंजूर करून त्यांनी ते करून दाखवले. पण या मंत्र्यांकडे खाती कोणती होती? शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य. भद्रलोकांची मुले केव्हाच कॉलेजात पोचली होती. खाते अडले तर त्यांचे काय अडणार? गुरुचंद स्वदेशीपासूनच या चळवळींपासून दूर राहिले. त्यांना सरकारधार्जिणे म्हणणे सोपे आहे. त्यांना शाळा हवी होती.

आपल्या मुंबई कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठ्यांचा ठराव मंजूर झाला. त्याच्या आधारावर महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले आणि १९२७ चा लढा उभा राहिला. कौन्सिल म्हणजे इंग्रजांचे खेळणे, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

दासांना वाटा म्हणजे काय हे कळत नव्हते असेही नाही. डिसेंबर १९२३ च्या बंगाल करारात त्यांनी मुसलमानांना सरकारी नोकऱ्यांत ५५ टक्के जागा देऊ केल्या. मतांनी नव्हे तर जागांनी विश्वास निर्माण होतो, एवढी समज त्या काळी किती हिंदू पुढाऱ्यांना होती? काकीनाडा काँग्रेसने करार झिडकारला, १९२६ साली बंगालच्या काँग्रेसवाल्यांनीही तो मोडला. पण त्या करारात पक्ष दोनच होते. नामशूद्र हिंदूंच्या बेरजेत धरलेले, वाटणीत नाहीत. १९२४ चा तारकेश्वरचा सत्याग्रहही तसाच: भांडण महंताच्या गैरकारभाराशी. त्याच वर्षी वायकोमला अस्पृश्य देवळाभोवतीचा नुसता रस्ता मागत होते.

कलकत्त्याचे पहिले महापौर म्हणून त्यांनी मोफत प्राथमिक शिक्षण, गरिबांना औषधपाणी, स्वस्त दूध असा कार्यक्रम मांडला. कार्यक्रम चांगलाच होता. पण त्यांच्या पश्चात त्याच महापालिकेच्या सफाई कामगारांना १९२८ साली पोटासाठी संप करावा लागला.

मे १९२५ मध्ये दास सरकारशी सन्मान्य सहकार्याची भाषा बोलू लागले, तेही फरीदपूरला, गुरुचंदांच्याच जिल्ह्यात. पुढच्याच महिन्यात, १६ जूनला, दार्जिलिंगला ते वारले. तो विचार कुठवर गेला असता, हे सांगता येत नाही. बाबासाहेबांना १९४६ साली मुंबईतून घटना समितीची वाट मिळाली नाही. ते तिथे गेले ते जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सोबत्यांच्या मतांवर, बंगालच्या विधिमंडळातून.