सूर्यनमस्कार, नियत आणि शाळेचे मैदान

25 जानेवारी 2007 रोजी राज्यभरातील शाळांत सामूहिक सूर्यनमस्कार घेण्याचे मध्य प्रदेश शासनाने ठरविले. मुस्लिम व ख्रिस्ती संघटनांनी हरकत घेतली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले व सहभाग सक्तीचा करता येणार नाही, असा आदेश आदल्याच दिवशी झाला. पुढे 12 जानेवारी 2012 च्या कार्यक्रमाच्या वेळी तोच वाद पुन्हा उद्भवला. या वादाची मांडणी बहुधा 'योग विरुद्ध इस्लाम' अशी केली जाते. ही मांडणीच सदोष आहे.

सोळाव्या शतकातील शत्तारी सूफी मुहम्मद ग़ौस यांची कबर ग्वाल्हेरला आहे, म्हणजे याच राज्यात. 'अमृतकुंड' या योगग्रंथाचे त्यांनी 'बह्र-उल-हयात' या नावाने फारसीत रूपांतर केले. या परंपरेत आसन व प्राणायाम स्वीकारले गेले, बीजमंत्रांना मात्र अल्लाहच्या अरबी नामांचे पर्याय देण्यात आले. योगच सरसकट निषिद्ध ठरविणाऱ्यांनी हा ग्रंथ विचारात घेतलेला दिसत नाही.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद असा की, सूर्यनमस्कार हा निव्वळ व्यायाम आहे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा प्रसार केला, संस्थानातील शाळांत तो आणला. पंतांच्या पद्धतीत बीजमंत्र व सूर्याची नावे हा व्यायामाचाच भाग होता; त्यांनी ते कधी लपविले नाही. इंदूरसारख्या मराठी वस्तीच्या शहरात तरी याचे विस्मरण व्हायला नको होते. मंत्र वगळल्यावर उरतो तो व्यायाम, हे खरे. पण मग 'नमस्कार' कोणाला, हा प्रश्न नावातच शिल्लक राहतो.

नमाजमधील रुकू व सजदा हीही आसनेच आहेत, असे समजावणीच्या सुरात सांगितले जाते. हा युक्तिवाद सांगणाऱ्यावरच उलटतो. इस्लाममध्ये कृतीचे मोल नियतीवर ठरते. जमिनीला कपाळ टेकणे म्हणजे सजदा नव्हे. कोणासाठी टेकले, यावर ते ठरते. त्यामुळे शरीराच्या ठेवणीतील साम्याने आसन हराम होत नाही, तसेच सूर्यवंदन हलालही होत नाही. मलेशियातील 2008 च्या व इंडोनेशियातील 2009 च्या फतव्यांचा रोखही मुख्यतः मंत्रोच्चार व उपासनेच्या अंगावर होता. भारतातही 2015 च्या पहिल्या आंतरराष्ट्रीय योग दिनाच्या सामायिक कार्यक्रमातून सूर्यनमस्कार वगळण्यात आला होता. योग त्यावाचून अडला नाही.

खरी अडचण 'ऐच्छिक' या शब्दात आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 28(3) नुसार मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत उपासनेत सहभागी होण्यासाठी अज्ञान विद्यार्थ्याच्या पालकाची संमती लागते. म्हणजे संमती आधी, सहभाग नंतर. सामूहिक कार्यक्रमात हा क्रम उलटतो: सारे सहभागी गृहीत धरले जातात आणि नकार मुलाने द्यावयाचा असतो, तोही भर मैदानात, वर्गमित्रांसमोर. बिजो इमॅन्युएल खटल्यात (1986) राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहून गप्प राहणाऱ्या केरळातील तीन मुलांचे निष्कासन सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. पण तोवर ती मुले शाळेबाहेर काढली गेली होती. उलेमांच्या निवेदनांत सूर्याची चर्चा पुष्कळ आढळते. रांगेतून बाजूला होणाऱ्या मुलाने त्या वीस मिनिटांत कोठे उभे राहावे आणि हजेरी घेणाऱ्या शिक्षकाने त्याच्या नावापुढे काय लिहावे, याविषयी मात्र दोन्ही पक्ष बोलत नाहीत.