कोणती कर्मे नाकारली? : रमाबाईंच्या साक्षीतील तारणविचार

पंडिता रमाबाईंचे ‘अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर’ हे १९०७ चे इंग्रजी आत्मनिवेदन चरित्रकार तपशिलासाठी वाचतात, भाविक त्यातल्या साक्षात्कारासाठी. तारणाविषयीचा विचार म्हणून ते फारसे तपासले जात नाही. तसे वाचले तर प्रॉटेस्टंट पंथाच्या एका जुन्या पेचाला त्यात वेगळेच वळण मिळालेले दिसते.

पेच ठाऊक असलेलाच आहे. माणूस नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे, विश्वासाने नीतिमान ठरतो, असे पौल रोमकरांना लिहितो; ल्यूथरने १५२२ च्या जर्मन नव्या करारात तिथे ‘केवळ’ हा शब्द घातला. याकोबाचे पत्र याच्या आड येते. उघड्या, भुकेल्या माणसाला नुसते ‘ऊब घे, पोटभर जेव’ म्हणून वाटेला लावणाऱ्याचा विश्वास याकोबाच्या लेखी मेलेला आहे. ल्यूथरने त्या पत्राला पेंढ्याचे पत्र म्हटले. पौल आणि याकोब ‘कर्म’ या अर्थी ग्रीक शब्द मात्र एकच वापरतात, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

आता रमाबाई. त्या नाकारतात ती कर्मे कोणती, हे निवेदनाच्या पूर्वार्धात आहे. दुष्काळात वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कुटुंबाने व्रते केली, तीर्थात स्नाने केली, ब्राह्मणांना दाने दिली, आणि अखेर अन्नान्न दशा झाली. आईवडील त्यातच गेले. ही पाने या पुस्तकातली सर्वांत सकस. रमाबाई रडत नाहीत, हिशेब मांडतात. दुसरी गोष्ट अधिकाराची. शास्त्रांचे इतर बाबतींत कितीही मतभेद असोत, स्त्री म्हणून स्त्रीला मोक्ष नाही यावर त्यांचे एकमत आहे, असा त्यांचा निष्कर्ष. (वारकरी संतांनी स्त्री-शूद्रांना नामाची वाट मोकळी केली होती, त्याची दखल त्या घेत नाहीत. हे न्यून मोठे आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही.)

म्हणजे ल्यूथरसमोर पापक्षमेची विकत मिळणारी पत्रे होती, तर रमाबाईंसमोर व्रतदानाचा निष्फळ खर्च आणि जन्माने नाकारलेली पात्रता. ‘योग्यता न पाहता मिळणारी कृपा’ या शब्दांना त्यामुळे त्यांच्याकडे वेगळी धार येते.

भुकेल्याला अन्न देणे हे कर्म मात्र त्यांच्या नाकारलेल्या कर्मांत कधीच नव्हते. इंग्लंडमध्ये बाप्तिस्म्यापूर्वी त्यांनी फुलहॅम इथे ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी जोगिणी चालवत असलेला आश्रम पाहिला. हे लोक असे का करतात, या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. इतरांचे कर्म आधी दिसले, त्याचे मूळ नंतर. १८८३ मध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा झाला. नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या युक्तिवादाने त्यांची बुद्धी वळली होती, पण ख्रिस्ती धर्म मिळाला तरी ख्रिस्त मिळाला नव्हता, हे सुमारे आठ वर्षांनी उमगल्याचे त्या सांगतात. विल्यम हॅस्लम यांच्या पुस्तकाचा त्यात वाटा होता.

या आठ वर्षांनंतरच्या साक्षात्कारालाच खरे धर्मांतर मानून आधीचे सगळे कच्चे ठरवण्याची रीत आहे. मला ती पटत नाही. एक तर साक्षात्काराची ही पाने भाषेच्या अंगाने फिकी आहेत. तत्कालीन इंग्रजी सुवार्ताप्रसारकांची ठरलेली वाक्यवळणे तिथे जाणवतात. दुसरे, रमाबाईंनी स्वतः फुलहॅमचा प्रसंग गाळलेला नाही. १८८३ चा पाया पोकळ होता असे त्यांना खरेच वाटत असते, तर १९०७ मध्ये तो प्रसंग इतक्या जिव्हाळ्याने सांगण्याचे कारण नव्हते.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपासमारीने खंगलेल्या मुली आणि बायका आणल्या. याकोबाचा भुकेला माणूस इथे दृष्टांतातला उरला नाही. आईवडिलांना ज्या आपत्तीत व्रतदानांनी तारले नाही, तीच आपत्ती पुन्हा समोर होती, आणि या वेळी पुण्य गाठीला बांधायचे नव्हते. केडगावला माणसांची जेवणे करायची होती. पुढे बायबलच्या मराठी भाषांतरात त्यांनी वेदान्ताचा वास येणारे संस्कृत शब्द कटाक्षाने टाळायचा प्रयत्न केला. केडगावच्या संस्थेला नाव मात्र दिले ‘मुक्ती’.