उंबऱ्यावरचा सोबती

चाकणजवळच्या माझ्या उर्दू शाळेत जिम कॉर्बेटच्या ‘रॉबिन’ची गोष्ट सांगितली, तेव्हा एका मुलाने विचारले, “सर, कुत्रा असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत ना?” प्रश्न धर्माचा होता, तसाच वाचनाचाही.

‘मॅनईटर्स ऑफ कुमाऊँ’ (१९४४) मधला हा लेख शिकाऱ्याच्या घरातल्या कुत्र्यावर आहे. सात पिल्लांतले सर्वांत अशक्त पिल्लू येऊन पायांशी वेटोळे करून बसले. कॉर्बेटने ते १५ रुपयांना घेतले. रॉबिन पुढे शिकारीत तरबेज झाला. पण लेखकाचा जीव जडला तो त्याआधी. लेखाचे बळ इथेच आहे.

आपल्याकडे साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहूंच्या (मृत्यू १७४९) लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. शिकारीत त्याने धन्याला वाघापासून वाचवले, अशी आख्यायिका. सांगणारे तिथेच थांबतात. खंड्या वाड्यात कसा वावरला, हे कोणी सांगत नाही. उपकार संपला की कुत्राही संपतो.

शिकवलेल्या जनावराने धरलेली शिकार कुरआनने (५:४) हलाल ठरवली. शिकार, शेती, कळपासाठी कुत्रा ठेवण्याची मुभा हदीसने दिली. ही उपयोगाची बाजू. पण अस्हाबे-कहफचा कुत्रा कोणताच पराक्रम करत नाही. पुढचे पाय पसरून उंबऱ्यावर असतो, एवढेच. तरी त्या तरुणांची संख्या सांगताना प्रत्येक वेळी तोही मोजला जातो (१८:२२).

मुलाला मी फतवा दिला नाही. सूरह कहफ अर्थासह पुन्हा वाचायला सांगितली.